सुआदच्या घरी नाईलचं पाणी चढलं

हाशिम, आधी बातमी ऐक, भांडण नंतर करू. पंप सुरू झाला. गुरुवारी सकाळी निळ्या नाईलचं पाणी तुझ्या खार्टूमच्या घराच्या गच्चीवर चढलं. टाकी भरली, भरून वाहायला लागली, व्हरांड्याच्या कमानींवरून धारा लागल्या, तरी पंप बंद करायला कुणी जागचं हलेना. तुझी बहीण सुआदताई त्या धारेखाली हात धरून उभी होती.

इकडे दुबईत अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही सगळे एका मोबाइलभोवती गोळा झालो होतो. तिकडच्या बायकांनी तुमच्या लग्नांत जीभ हलवून काढतात तो उंच आवाज काढला आणि आमच्या फोरमनने चालू लेथ बंद केलं. "खलास! आज काम बंद, चाय मेरी तरफ से," म्हणाला. वीस वर्षांत त्याने कुणाला चहा पाजल्याचं तुला आठवतं का? मला तरी आठवत नाही. पत्र्याच्या त्या शेडमध्ये, भर उन्हाळ्यात, ग्रीस लागलेल्या हातांनी माणसं टाळ्या वाजवत होती. तुझी खुर्ची तेवढी रिकामी होती आणि तिच्यावर नेहमीप्रमाणे कुणीतरी गास्केटांचं खोकं ठेवलं होतं.

तू गेलास त्याला अजून महिना व्हायचाय. आपल्या मंडळाच्या अंकाला तुझ्यावर लेख हवाय. गणपतीत मोदकांच्या रांगेत सर्वांत पुढे उभा राहणारा सुदानी माणूस मंडळाला कसा विसरता येईल? मी जन्म, शिक्षण, नोकरी असं लिहायला बसले आणि मलाच जांभई आली. तुलाही आली असती. "ताई, हा काय बायोडेटा आहे का?" असं म्हणून तू कागद परत केला असतास. म्हणून तुझ्याशीच बोलते. निदान यावेळी मधे तोंड घालणार नाहीस.

आपल्या पंपांच्या कंपनीतला माझा पहिला दिवस तुला आठवत असेलच, कारण तू तो जो भेटेल त्याला सांगायचास. मी डबा उघडला. शेजारच्या टेबलावरचा उंचापुरा, काळाभोर, पांढऱ्याशुभ्र शर्टातला माणूस वाकून म्हणाला, "आमटीत गूळ कमी पडलाय." माझ्या हातातला घास तसाच राहिला. दुबईत कुणी मराठी बोलेल याची तयारी होती, पण हा माणूस मराठी बोलेल याची नव्हती. मग कळलं की इंजिनिअरिंगची चार वर्षं तू पुण्यात काढलीस, सदाशिव पेठेतल्या एका काकूंच्या घरी खोली घेऊन राहिलास. त्या काकूंनी तुला मराठी शिकवलं, वरणभात शिकवला आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायलाही शिकवलं. "तूच कर मग," मी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी तू खरंच आमटी करून आणलीस. ती माझ्यापेक्षा बरी होती. हे मी तू असताना कबूल केलं नाही, आणि आता केलंय म्हणून उगाच फुगून जाऊ नकोस.

तुझ्या टेबलावर बायकोचा फोटो नव्हता, मुलांचा नव्हता, घराचा होता. इल्हामला, तुझ्या बायकोला, त्याचा राग यायचा. पणजोबांनी बांधलेलं घर. ते डिंकाचे मोठे व्यापारी. पश्चिमेकडच्या रानांतून उंटांवर लादून डिंक यायचा, तळमजल्यावरच्या कोठारात निवडला जायचा आणि मागच्या पायऱ्यांवरून होड्यांत चढायचा. हातभर जाडीच्या भिंती, नदीकडे तोंड करून कमानींचा लांब व्हरांडा, आणि व्हरांड्यातून थेट पाण्यात उतरणारा दगडी घाट. शहराच्या इतिहासाची आवड असलेले लोक फोटो काढायला यायचे आणि तुझ्या घरचे त्यांना जेवूनच जायला लावायचे. पुण्याच्या मित्रांबरोबर नाशिकला गेला होतास तेव्हा गोदावरीच्या घाटावर बसून रडलास, हे तूच सांगितलंस. मित्रांना वाटलं, याला भक्ती आली. तुला घरची आठवण आली होती.

मी त्या घराला "डिंकावर चिकटलेलं घर" म्हणायचे. तू दर सुट्टीनंतर मला तिथल्या कोठारातला डिंक आणून द्यायचास, स्वच्छ, मधाच्या रंगाचा. त्याचे लाडू मी ऑफिसात वाटायचे. तुमच्याकडे डिंक पाण्यात भिजवून ते पाणी पितात. आम्ही तो तुपात तळतो हे तुला पुण्यात राहूनही कधी पटलं नाही. लाडू मात्र चार-चार खायचास.

आणि मग ते युद्ध. रमझान संपत आला होता. ईदला घरी जायचं म्हणून तुझी बॅग भरलेली होती. एकाच देशातल्या दोन फौजा आपल्याच राजधानीत एकमेकींवर तुटून पडल्या. टीव्हीवर तुझ्या शहराचा धूर दिसत होता आणि तू समोर उभा राहून रस्ते ओळखत होतास, हा बाजार, हा पूल, ही आमची शाळा. तुझ्या घराच्या गच्चीवरून पूल दिसतो, नदीचा वाक दिसतो, समोरचं बेट दिसतं. लहानपणी पतंगांसाठी तुला ती गच्ची आवडायची. बंदूकवाल्यांनाही ती तेवढीच आवडली. पहिल्या आठवड्यातच ते गच्चीवर जाऊन बसले.

सुआदताई खाली होती. नवरा वारलेला, मुलं कॅनडात, वय सत्तरीच्या पुढे. तिच्याबरोबर तिच्याच हाताखाली शिकलेल्या दोघी सुईणी. सुआदताईने उभा जन्म सुईणपणात काढला. सरकारी नोकरीतून निवृत्त होताना तिच्या सत्काराला अर्धं शहर आलं होतं म्हणे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तिनेच जगात आणलं होतं. फोन लागेना. तू आठवडेच्या आठवडे फोन हातात धरून बसलास. पंपांची कोटेशनं चुकायला लागली. हेडचं, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं त्याचं, गणित तोंडपाठ असलेला माणूस दोन मजल्यांच्या इमारतीला वीस मजल्यांचा पंप लावून मोकळा झाला. ती चूक मी गुपचूप दुरुस्त केली, आणि तुला ते कळलंय हेही मला कळलं. 

मग तिचा पहिला व्हॉइस मेसेज आला. तू तो स्पीकरवर लावलास. माझी सानिका त्या दिवशी मला न्यायला आली होती. शारजात वाढलेली पोरगी, शाळेत अरबी शिकलेली, तिने मला भाषांतर करून सांगितलं. सुआदताईचा आवाज खणखणीत, जराही कापत नव्हता. बेटावरून एक अडलेली बाई होडीतून आली होती, कारण रस्त्यांवर नाके होते आणि दवाखाने बंद पडले होते. घाटावरच्या बंदूकवाल्याने होडी अडवली. सुआदताई पायऱ्या उतरून गेली, अंगावर तो तुमचा साडीसारखा गुंडाळलेला पांढरा तोब, आणि त्याला म्हणाली, "तुला कुणी काढलं रे बाहेर? माझ्यासारखीनेच ना? सरक." तो सरकला.

"शी इज सो सॅव्हेज," सानिका कौतुकाने म्हणाली. तू पहिल्यांदा हसलास, आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडलास.

त्या दिवसापासून तुझ्या पणजोबांच्या घराला नवीन धंदा मिळाला. डिंकाचं कोठार बाळंतिणीची खोली झालं, कारण सगळ्या घरात त्याच्या भिंती जाड. बायका होड्यांतून येत, घाट चढत. बरोबर आलेल्या पुरुषांनी बंदुका व्हरांड्यात, डिंक तोलायच्या जुन्या तराजूजवळ ठेवायच्या, हा सुआदताईचा नियम. एका बाजूचे गच्चीवरून गेले, दुसऱ्या बाजूचे आले, नियम तोच राहिला. वरच्या मजल्याचा एक कोपरा तोफगोळ्याने गेला, तेव्हा खाली एक मूल जन्माला येत होतं. ते नीट जन्माला आलं. शहरात मोठमोठ्या इमारती जळून काळ्या पडल्या, आणि हे जुनंपानं घर रोज कुणाचं तरी बारसं करत होतं. आपण दोघं पंपांची कॅटलॉगं बाजूला सारून तिचे निरोप ऐकायचो. मुलगा झाला, मुलगी झाली, जुळं झालं. त्या काळात तुझ्या देशातून दुसरी चांगली बातमी येत नव्हती.

लाडवांची गंमत तर सांगायलाच हवी, मंडळातल्या बायकांसाठी. बाळंतिणींना खायला काय द्यायचं? कोठारात जुन्या डिंकाची पोती होती, थोडा खजूर, तीळ, शेंगदाणे. मी म्हटलं, मग अडलंय कुठे? डिंकाचे लाडू करा! मी कृती सांगितली, सानिकाने ती अरबीत पाठवली. "ताई, तळायचा? डिंक? त्या मला वेड्यात काढतील," तू म्हणालास. झालंही तसंच. त्यांना वाटलं सानिकाचं अरबी कच्चं आहे, म्हणून त्यांनी आपल्या शहाणपणाने डिंक भिजवला आणि त्यात तीळ-खजूर घातले. जे तयार झालं त्याने सुआदताईची कवळी टाळूला चिकटली. दुसऱ्या खेपेला मी तुझ्या फोनवरून हिंदीत, इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी ओरडून सांगितलं. त्यांनी डिंक गरम तुपात टाकला, तो तडतडून फुलायला लागला, आणि दोघी सुईणी आवाजाने दचकून जमिनीवर आडव्या झाल्या. सुआदताई झारा हातात धरून हसत सुटली. त्यानंतर त्या घरातून लाडू मिळाल्याशिवाय एकही बाळंतीण परत गेली नाही.

इथपर्यंत आपलं एकमत होतं. आता भांडणाकडे येते.

पाणी नव्हतं. नळ पहिल्या महिन्यातच बंद पडले होते, वीज गेली ती गेलीच. पाणी भरायचं ते घाटावरून, हंड्यांनी, आणि घाट म्हणजे दोन्ही बाजूंच्या नेमाच्या टप्प्यात. बाळंतपणाला किती पाणी लागतं हे मला विचार. सुआदताईने तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पंप. सोन्याचा नाही, साधा, उन्हावर चालणारा पंप. तू आखातातल्या अर्ध्या बागांना पाणी चढवलंस. फुजैराच्या बाजूला तू लावलेल्या पंपांवर लोक खजूर पिकवतात. आणि सख्ख्या बहिणीला तू नाही म्हणालास.

"एक पंप, हाशिम! दोन पॅनेलं लाव, पाइप जोड, खलास."

"नाही."

"का पण?"

"पाणी वर चढलं की ती तिथून हलणार नाही."

"आणि नाही चढलं तर?"

"तर येईल. आज ना उद्या दमेल आणि येईल. तिचा व्हिसा माझ्या खिशात आहे, ताई. संपला की परत काढतो."

तुझा हिशेब असा होता. घर तहानलेलं ठेवायचं म्हणजे बहीण बाहेर येईल. मी कॅंटीनमध्ये सगळ्यांसमोर तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, मंडळाचा अंक मुलंही वाचतात. तू तितकंच परत बोललास. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी म्हटलं. तू म्हणालास, पाण्याचं नाव काढू नकोस. कितीतरी दिवस आपण शेजारच्या टेबलांवरून एकमेकांना ईमेल पाठवत होतो. फोरमन बिचारा मधल्या मधे निरोप नेत होता.

खोर फक्कानच्या साइटला आपल्याला एका गाडीतून जावं लागलं म्हणून ती कोंडी फुटली. डोंगरातले बोगदे लागले आणि तू समोर बघत बोलायला लागलास. वडील गेले तेव्हा तू लहान होतास. सुआदताईने तुला वाढवलं, तिनेच पुण्याला पाठवलं. काका-मामा म्हणत होते, पोराला धंद्यात घाल. ती म्हणाली, शिकेल. विमानतळावर तिने तुला सांगितलं होतं, मागे वळून बघू नकोस, नाहीतर मी तुला परत घेऊन जाईन. "तेव्हा मी वळलो नाही," तू म्हणालास. "आता रोज वळून बघतो. घर पडलं तर पडू दे, ताई. मला माझं माणूस पाहिजे. जिवंत, माझ्या समोर, सोफ्यावर बसून इल्हामच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं."

मी विचारलं, "आणि तिला काय पाहिजे, हे तिला विचारलंस?"

तू रेडिओ मोठा केलास. समुद्र दिसेपर्यंत आपण बातम्या ऐकल्या.

तुझं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. माझी आई ठाण्यात एकटी राहते. मीही तिचा व्हिसा दरवर्षी काढते आणि ती दरवर्षी म्हणते, पुढच्या वर्षी बघू. पण कळतं म्हणून पटतं असं नाही.

पुढे गोळीबार नदीपासून दूर गेला. शहर एका बाजूच्या हातात आलं, लोक हळूहळू परतायला लागले. नळ आणि वीज मात्र परतले नाहीत. तू अजूनही नाहीवरच होतास. आणि एका सकाळी मी आले तर तू वर्कशॉपमध्ये, शर्टाच्या बाह्या दुमडून, पंपाच्या केसिंगमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभा. तुझे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, ग्राइंडरची धूळ असेल.

"यल्ला ताई, बघत काय राहिलीस? ते कपलिंग दे."

"कुणाचा पंप आहे?"

"सुआदचा."

मी आनंदाने किंचाळले. "शेवटी ऐकलंस ना माझं!"

तू माझ्याकडे बघितलंस, हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलंस आणि म्हणालास, "हो ताई. तुझं ऐकलं."

मी काय मिरवलं ते विचारू नकोस. देराहून जिलेबी मागवली. ज्याला त्याला सांगितलं, हाशिमला मी हरवलं, शेरास सव्वाशेर भेटली. तू निमूट जिलेबी खाल्लीस. भांडण हरल्यावर गप्प बसणं हा तुझा स्वभाव नव्हता, पण मी जिंकण्याच्या नादात होते.

पंप मात्र काय केलास, वा! पुरात निळ्या नाईलचा गाळ कुठलाही पंप चावून खातो, हे तुला लहानपणापासून ठाऊक. म्हणून तू ओढीच्या पाइपाचं तोंड एका निळ्या प्लास्टिकच्या ड्रमाखाली टांगलंस. ड्रम पाण्यावर तरंगेल, नदी चढली की चढेल, उतरली की उतरेल, आणि पाइप तळाचा गाळ न घेता वरचं पाणी ओढेल. पॅनेलं स्वतः गुंडाळलीस. पेटी खोर फक्कानहून जहाजावर चढली त्या दिवशी तू सुट्टी टाकून बंदरावर गेलास. मी म्हटलं, पेटीला बाय बाय करायला गेला होतास का? तू म्हणालास, हो.

पेटी समुद्रात असताना तू गेलास. जुम्म्याची नमाज पढून आलास, जेवलास, आडवा झालास. इल्हाम चहासाठी उठवायला आली. मी शारजाला तुझ्या घरी पोचले तेव्हा बायकांनी खोली भरली होती. तुमच्याकडे भेटायला आलेला माणूस दोन्ही तळवे वर धरतो, आणि समोरचे तसेच धरून प्रार्थना म्हणतात. मला ते माहीत होतं. तरी ऐन वेळी मी आपल्या सवयीने हात जोडले. इल्हामने माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. त्या वेळी मला तुझा इतका राग आला होता, हाशिम. इतका राग मला कॅंटीनमध्येही आला नव्हता. पंप पोचायच्या आधी कुणी जातं का?

पेटी पोचली, ट्रकमधून खार्टूमला गेली. गल्लीतल्या पोरांनी जोडाजोड केली, आम्ही इथून व्हिडिओवर बघत होतो. पंप सुरू केला, त्याने घरघर केली, चिखल ओकला आणि तो बंद पडला. परत सुरू, परत चिखल. वर्कशॉपमध्ये सगळ्यांची तोंडं उतरली. मी म्हटलं, सानिका, त्यांना विचार, निळा ड्रम कुठे आहे? कॅमेरा फिरला. ड्रम व्हरांड्यात उभा! झाकण कापून त्यात त्यांनी पिण्याचं पाणी भरून ठेवलं होतं, वरून स्वच्छ फडकं बांधलेलं. त्यांना वाटलं, हाशिमने पंपाबरोबर पाणी साठवायला ड्रमही पाठवला, किती विचारी माणूस! पाइपाचं तोंड थेट गाळात. मी कपाळाला हात लावला आणि मग अशी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तुला हे बघायला मिळायला हवं होतं. त्यांनी दुसरा ड्रम शोधला, नीट झाकणाचा, आणि पाइप त्याखाली टांगला. मग गुरुवारी जे झालं ते तुला सुरुवातीलाच सांगितलं.

शुक्रवारी मी सुआदताईला फोन केला. सानिका शेजारी होती. मला तिचं अभिनंदन करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तुझ्या वतीने थोडं टोचायचंही होतं. मी म्हटलं, "तो म्हणायचा, पंप आला की तुम्ही कधीच तिथून निघणार नाही. त्याचं खरं झालं."

पलीकडे ती बराच वेळ बोलत राहिली. सानिका ऐकत होती, पण भाषांतर करेना.

"अगं, काय म्हणतायत?"

"मम्मा, वेट. जस्ट वेट."

मग सानिकाने सांगितलं. पंप निघायच्या आधी त्या घरात एक बाळंतीण गेली. मूल वाचलं, आई तापाने गेली. सुआदताईच्या सबंध हयातीत हाताखालून गेलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ही पाण्यावाचून गेली. हात धुवायला पाणी नसेल तर मी सुईण कसली, असं म्हणून तिने कोठाराला कुलूप घातलं. बोचकं बांधलं आणि तुला निरोप पाठवला, तू जिंकलास, मी येते, तिकीट काढ.

म्हणजे तू मला वर्कशॉपमध्ये दिसलास, त्याच्या आदल्या दिवशी.

"आणि त्याने काय कळवलं?" मी विचारलं.

सुआदताईने तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. "कुलूप काढ. पंप पाठवतोय. पाणी आलं की मीच येतो तुझ्याकडे."

इतकी वर्षं जे मागत होतास ते त्या दिवशी तुझ्या हातात आलं होतं. खिशात व्हिसा होता. फक्त तिकीट काढायचं होतं, की ती तुझ्या सोफ्यावर येऊन बसली असती आणि तुझे डोळे तरी तिच्यासमोर मिटले असते. तू रात्रभर रडलास असं इल्हाम म्हणते, आणि सकाळी येऊन मला कपलिंग मागितलंस.

काल त्या घरात पंपाच्या पाण्याने हात धुऊन सुआदताईने पहिलं बाळंतपण केलं. मुलगी झाली, आई बरी आहे.

मी तुला हरवलं नव्हतं, हाशिम. तू जिंकला होतास, आणि जिंकून झाल्यावर पंप पाठवलास. वर्कशॉपमध्ये मी एकेकाला बोलावून हे सांगितलं आहे.